वैशाखऱ्याच्या पावट्याची बदनामी

मित्रांनो, मी एक जुना गावठी कुत्रा आहे, आणि सगळं पशुवैद्यकशास्त्र इतकी वर्षं माझ्यावाचून अडून बसलं होतं. हे मला कळलं तेव्हा मी पेंढ्यावर आडवा पडलो होतो आणि माझ्या पाठीवर एक कोंबडी बसली होती. तिला उठवायचा धीर मला झाला नाही.

माझा जन्म वैशाखरे गावी, चंदर आणि हौसा या नवरा-बायकोच्या पावट्याच्या शेतात झाला, म्हणून नाव पावट्या. हौसाने मला ओच्यात घालून घरी आणलं. तेव्हापासून भातावर येणारी रानडुकरं हाकलणं, वाळत घातलेल्या पापडांवर नजर ठेवणं आणि ती नजर कुणाला दिसू न देणं, ही कामं मी चोख केली. तरुणपणी गावाने कौतुक केलं. आता डुकरं माझ्याकडे ओळखीचं माणूस असल्यासारखं बघतात.

गेल्या हिवाळ्यात, म्हसा गावची जनावरांची जत्रा तोंडावर आली असताना, रुचिता मॅडम नावाच्या जनावरांच्या डॉक्टर अंगणात आल्या.

"आम्ही कुत्र्यांच्या आजारांचा अभ्यास करतोय," त्या म्हणाल्या. "पण आमच्याकडे सगळे लॅब्रॅडॉर, पॉमेरियन, जर्मन शेफर्ड. गावठी एकही नाही. याच्यासारखाच शोधत होते मी."

त्यांना माझं थोडंसं रक्त हवं होतं. पण ते सांगायच्या आधीच त्यांनी माझा जबडा उघडून दात पाहिले, पाय चाचपले, मला चालवून बघितलं. इथे घोटाळा झाला. चंदरचा उभा जन्म म्हशाच्या बाजारात बैल घेण्या-विकण्यात गेलेला. दात बघणारं माणूस म्हणजे गिऱ्हाईक, हे त्याला पक्कं ठाऊक. आणि जनावर द्यायचं नसेल, पण तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नसेल, तर तो त्याच्या खोड्या सांगत सुटतो.

"मॅडम, हा काय कामाचा नाय," चंदर म्हणाला. "नुसता खातो."

मी कान टवकारले.

"मांजरीला भितो," हौसा घाईघाईने म्हणाली. "आन् चोर हाय."

"डुकरं आली का हा आदी माज्या पाठी लपतो."

"तवा तुमी माज्या पाठी लपता!"

"गप गो, याचं चाललंय ना!"

म्हातारा झालो, आता मला घालवून देताहेत, असं मला वाटलं. शेपूट आपोआप पायांत गेली.

"पोटाचा काही त्रास?" मॅडमनी विचारलं.

"आतून पार सडलाय," चंदर म्हणाला.

"वा! फारच छान!" म्हणत मॅडमनी पिशवीतून पट्टा काढला.

चंदरचा चेहरा पडला. खोड्या संपल्या होत्या आणि गिऱ्हाईक हटत नव्हतं. तेवढ्यात हौसा मातीत बसली आणि तिने माझ्या गळ्याला मिठी मारली.

"कसा बी असला तरी आमचा हाय. नाय द्यायचा!"

मित्रांनो, माझी एवढी निंदा एवढ्या मायेने आजवर कुणी केली नव्हती. मी शेपूट बाहेर काढली.

"अहो मावशी, मी कुठे नेतेय त्याला? हा पट्टा पायाला बांधून चमचाभर रक्त घेते आणि जाते."

हौसाने मिठी सैल केली.

"मंग आदी सांगाचं ना!" चंदर म्हणाला. "लय गुणाचा हाय आमचा पावट्या. डुक्कर तर याच्या वासानंच पलतं."

पण मॅडमनी आधीचं सगळं टिपून घेतलं होतं. त्यामुळे शास्त्रात आता गावठी कुत्राही आहे. तो भित्रा आहे, चोर आहे आणि आतून सडलेला आहे. असो. लॅब्रॅडॉरची मालकीण त्याच्यासाठी मातीत बसली होती का, हे मात्र शास्त्राने विचारलेलं नाही.

तेव्हा मित्रांनो, गावठी कुत्र्यांना कमी लेखू नका. त्यांच्यावर अभ्यास करा, त्यांना जपा, जगाच्या ज्ञानात त्यांना मानाची जागा द्या. आणि घाटाकडे जाताना वैशाखऱ्याला उतरलात, तर माझ्या उजव्या कानामागे एक गोचीड आहे, माझा पाय तिथवर पोचत नाही. तेवढी काढून जा.