पाखरांनी सोडलेली कणसे

आमच्या घरात सकाळचे ऊन दारातून येण्याआधी पत्र्यातून येते. स्वयंपाकघराच्या पत्र्याला खिळ्याचे एक भोक आहे. खिळा केव्हाच गळून गेला. त्यातून येणारा पहिला उजेड उजेडासारखा वाटतच नाही. समोरच्या भिंतीचा पोपडा निघावा तसा एक फिका डाग दिसतो, एवढेच. मग त्याला कड येते, मग पिवळेपणा येतो, आणि तो खाली उतरू लागतो: बुद्धाच्या तसबिरीच्या चौकटीवरून, खुंटीला टांगलेल्या सुपावरून, दोरीवरच्या ओल्या टॉवेलवरून. मधल्या हवेत उन्हाची तिरपी काठी उभी राहते आणि तिच्यात धूळ तरंगते. धुळीला घाई नसते. ती कुठून आली, कुठे बसणार, हे कुणी विचारत नाही. बाहेर डेअरीची मोटारसायकल येऊन जाते, चहाला उकळी येते, कुणीतरी खाकरते. शेवटी तो डाग माझ्या पोटावर टेकतो आणि तेवढीच जागा कोमट होते.

मी हे रोज पाहतो. त्यात मला आनंद होतो की नाही, ते आता सांगता येत नाही.

मित्रांनो, मी मातीचा एक जुना डेरा आहे. निमगाव सावा गावाच्या माळाकडच्या वस्तीत, द्रौपदाच्या घरात, कोपऱ्यातल्या चुंबळीवर मी बसलेला असतो. माझ्यात पाणी भरत नाहीत, ताकही घुसळत नाहीत. माझ्यात बियाण्याची बाजरी राहते, राखेत घोळलेली, वर कडुनिंबाचा पाला आणि तोंडाला शेणमातीचे लिंपण.

राजुरीच्या एका कुंभाराने मला घडवले. त्याने मला चाकावरून उतरवले, थापटून थापटून माझे पोट मोठे केले आणि भट्टीत भाजले. लंकाबाईने मला डोक्यावरून घरी आणले. ती द्रौपदाची सासू. त्याच सुमारास या घराने धर्म बदलला होता आणि बलुत्याची कामे सोडली होती. तोवर गावाची कामे करायची आणि त्या बदल्यात दुसऱ्याच्या खळ्यावर, सगळ्यांचे झाल्यावर उरलेले धान्य आणायचे, अशी रीत होती. ती रीत मोडल्यावर लंकाबाईने माळावरच्या तुकड्यात माहेराहून पदरात बांधून आणलेली बाजरी पेरली. ते या घराचे स्वतःचे पहिले पीक होते.

त्या बाजरीच्या कणसाला बारीक, ताठ कुसळे होती. लंकाबाईने पहिले कणीस हातात घेतले आणि टोकाकडून देठाकडे तळहात फिरवला. कुसळे टोचली. ती हसली. पुढे दरवर्षी बियाणे माझ्यात घालण्याआधी ती अशीच परीक्षा घेई, आणि मी तिच्या हसण्याची वाट पाहत असे.

तिचा एक नियम होता. बियाण्याची कणसे ती सर्वांत शेवटी निवडत असे. आधी पाखरे येऊन जायची. ज्या कणसांना कुसळे कमी, त्यांवर चिमण्या बसायच्या आणि दाणे टिपायच्या. ज्यांची कुसळे दाट, ती चोचीला टोचायची आणि तशीच उरायची. पाऊस ओढ द्यायचा तेव्हा बाजरीची नाजूक ताटे उभीच वाळून जायची, चिवट ताटे दाणा धरायची. या सगळ्यातून जे उरे, त्यातून लंकाबाई बी घेई. बाजरी म्हणजे एक कणीस नव्हे, मित्रांनो. सगळे रान मिळून तिची एक कुळी असते, आणि दर हंगामात त्या कुळीत कोण टिकले यावर पुढच्या वर्षी तिचे रूप ठरते. निवड पाखरे करीत, दुष्काळ करी. लंकाबाई फक्त त्यांच्या मागून जाई.

वाड्यावस्त्यांवरच्या बाया तिचे बी मागून नेत. पावसाने दगा दिला तरी भाकरी मिळते, असे म्हणत. मला वाटे, हे कौतुक माझे आहे.

लंकाबाई वारली. त्या वर्षी द्रौपदाने आणि तेव्हा शाळेत जाणाऱ्या तिच्या लेकीने, ज्योत्स्नाने, बियाण्याची कणसे पाखरे यायच्या आत, आधीच तोडून आणली. ज्योत्स्नाने विचारले, आजी तर शेवटी घ्यायची ना? द्रौपदा माझे लिंपण फोडत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "खळ्यावरचं उरलेलं आणायचं आपण सोडलं ना? मग आता पाखरांचं उष्टं बी म्हनून ठेवायचं व्हय? पयली कणसं आपली."

या बोलण्यात मला तेव्हा काही चुकीचे वाटले नाही. आजही त्यातला ताठ कणा मला दिसतो. तिने आयुष्यात कुणाचे उरलेले घेतले नाही, मुलीलाही घेऊ दिले नाही.

सर्वांत मोठी, भरलेली कणसे घराजवळच्या बांधाला असत, कारण तिथल्या ताटांना मोकळी जागा आणि ऊन मिळे. द्रौपदा तीच आणी. बांधापलीकडे तिचा दीर गोकुळ याचे रान होते आणि तो पिशवीचे हायब्रीड बी पेरायचा. त्याच्या कणसांना कुसळे नव्हती. पाखरे येऊ नयेत म्हणून तो चमकणाऱ्या पट्ट्या बांधायचा. द्रौपदानेही बांधल्या. तो दारात चहा पिताना तिला चिडवायचा, "वैनी, तुमच्या बाजरीला लई दाढी. जरा न्हाव्याला दाखवा की." द्रौपदा म्हणायची, दाढी असू द्या, तुमच्यासारखं टक्कल तर न्हाई. तो डोक्यावरून हात फिरवून हसायचा.

बाजरीच्या कणसात फुलांचे स्त्रीकेसर आधी बाहेर येतात. स्वतःचे पराग गळायला त्यानंतर एक-दोन दिवस लागतात. तेवढ्या वेळात वारा जे आणील ते फूल स्वीकारते. माझ्या पोटावर येणाऱ्या उन्हाच्या काठीत धूळ तरंगते ना, तसेच गोकुळच्या रानातले पराग बांधावरून तरंगत येत, आणि सगळ्यात आधी बांधालगतच्या कणसांवर बसत. आलेले लगेच दिसत नाही. ते दाण्यात लपते, एखादी पिढी गप्प बसते, मग वर येते. पूर्वीही काही पराग येत असतील, पण पाखरे ती कणसे वेचून काढीत. आता पाखरांना कुणी येऊ देत नव्हते.

एका वर्षी द्रौपदाने कणसावरून हात फिरवला आणि ती हसली नाही. मला वाटले, वय झाले, तळहाताची कातडी जाड झाली असेल. पुढच्या वर्षी तिने हात फिरवलाच नाही. मी समजलो की तिला खात्री आहे.

ज्योत्स्ना लग्न होऊन महाळुंगे पडवळला गेली. तिच्या वाटणीला उंचावरचे, पाणी नसलेले रान आले. आजूबाजूला दुसऱ्या कुणाची बाजरी नाही, त्यामुळे सगळ्या शिवारातली पाखरे तिच्याच रानात. पिशवीचे बी तिने लागोपाठ पेरले आणि लागोपाठ गमावले. तिचा नवरा समाधान माणूस शांत. पण गेल्या उन्हाळ्यात तो सासूच्या दारात बसून म्हणाला, यंदा बाजरी हाती लागली तर ठीक, नाहीतर रान कोंबड्यांच्या शेडला देऊन टाकतो. कंपनीची माणसे येऊन पाहूनही गेली होती.

द्रौपदा उठली. तिने माझे तोंड उघडले, सूप भरले आणि म्हणाली, "पावणं, हे आमच्या लंकाबाईचं बी हाय. याला पाखरू शिवत न्हाई."

मी अभिमानाने रिकामा झालो. तळाशी थोडेसे राहिले, तेवढेच.

दिवाळी होऊन गेल्यावर ज्योत्स्ना आली. ऊन नुकतेच माझ्या पोटावर टेकले होते. तिने पिशवीतून काही कणसे काढून आईपुढे ठेवली. त्यांवर दाणे नव्हते. टिपून टिपून नुसती बुरकुंडे राहिली होती. द्रौपदा म्हणाली, पाऊस कमी झाला. मग म्हणाली, माती हलकी आहे तिकडची. मग म्हणाली, पाखरेच यंदा जास्त आहेत.

ज्योत्स्नाने तिला बोलू दिले. नंतर हळूच म्हणाली, "आई, हात फिरव."

द्रौपदाने टोकाकडून देठाकडे तळहात फिरवला. तो अडला नाही.

"रान गेलं," ज्योत्स्ना म्हणाली. "शेडचे खांब उभे राह्यले. म्हनून हे घेऊन आले." तिने पदराची गाठ सोडली. त्यात मूठभर कणसे होती, लहान, वेडीवाकडी; पण कुसळांची. "सगळ्या रानात एवढीच ठेवली पाखरांनी."

द्रौपदाने त्या कणसांकडे पाहिले. ती उरलेली होती. तरीही तिने पदर पसरला आणि ती त्यात घेतली. मग तिने मला चुंबळीवरून उचलले, अंगणात नेले आणि तळाशी राहिलेली बाजरी पाखरांपुढे ओतून दिली. राख झटकली. ती मूठभर कणसे माझ्यात ठेवली. ही बाजरी गोकुळच्या बांधापासून दूर, विहिरीपलीकडच्या तुकड्यात पेरू, एवढेच ती लेकीला म्हणाली. ज्योत्स्ना मानेनेच हो म्हणाली. तिचे रान काही परत आले नाही.

मित्रांनो, बियाणे जपायचे असेल तर ते माझ्यासारख्याच्या पोटात झाकून ठेवणे पुरेसे नाही. त्याला रानात जाऊ द्या. थोडे पाखरांना खाऊ द्या. बांधापलीकडे काय उमलले आहे, तेही पाहत चला. दरवर्षी तळहात फिरवा, आणि तो अडला नाही तर मातीला किंवा पावसाला नावे ठेवू नका.

आता ऊन माझ्या पोटावर येते तेव्हा आत खूप रिकामी जागा असते आणि ती भरलेली आहे असे मी आता मानत नाही. इतकी वर्षे दर सकाळी मी स्वतःशी म्हणत असे की माझ्यात लंकाबाईची बाजरी आहे.

ती ज्योत्स्नाच्या लग्नाआधीच संपली होती.