तिसऱ्या खुंटीवरचं रीळ

बाईंनी ठिपक्यांचं पुस्तक त्याच्या डोळ्यांसमोर हातभर अंतरावर धरलं आणि विचारलं, "काय दिसतं?"

"एकवीस."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. बाईंनी पान न उलटता पुन्हा तेच विचारलं. त्याने मान तिरकी केली, एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. पानभर लहानमोठे ठिपके होते आणि त्यांच्यामध्ये एकवीस चांगला ठसठशीत उभा होता.

"एकवीसच आहे, बाई."

आता सगळा वर्ग मोकळेपणाने हसला. बाकीच्या एकोणतीस जणांनी तिथे चौऱ्याहत्तर वाचला होता.

मामा त्याला 'दीड' म्हणायचा. दीडशहाण्यातलं शहाणपण अजून कमवायचंय, तोवर दीडवर भागव, असं वर कारणही द्यायचा. नाव घरातून गल्लीत गेलं, गल्लीतून शाळेत आलं, आणि सोळाव्या वर्षीही पोराची त्यातून सुटका नव्हती.

जीवशास्त्राच्या बाईंनी हशा ओसरू दिला. मग फळ्याकडे जाऊन त्यांनी एक बुबुळ काढलं, त्याच्या मागे पडदा काढला आणि सांगितलं की लाल-हिरव्यातला फरक ओळखणाऱ्या पेशी काहीजणांत जन्मापासून वेगळ्या असतात. याला रंगांधळेपणा म्हणतात. नजर अधू नाही, डोकं तर मुळीच अधू नाही. हे एक्स गुणसूत्रावरून येतं, आईकडून मुलाकडे, आणि गंमत अशी की आईला स्वतःला सगळे रंग नीट दिसतात.

दीडला वाईट वाटायला हवं होतं. पण त्याला इतकं हलकं वाटत होतं की बाकावर बसवेना. पहिलीपासून त्याने ऐकलं होतं, लक्ष कुठे असतं तुझं? गेल्या सत्रात त्याने पेशीची आकृती काढली होती, रेषा वर्गात सगळ्यांत सुबक, आणि हरितलवकं मात्र तपकिरी. बाईंनी शेजारी शेरा मारला होता, 'हरित म्हणजे काय?' त्याला प्रश्नच कळला नव्हता. लक्ष जागेवर होतं तर. पेशीच वेगळ्या होत्या.

तास संपल्यावर बाईंनी त्याची ती जुनी वही मागून घेतली, पान शोधलं आणि स्वतःचा शेरा दोन रेघा मारून खोडला. गुण मात्र वाढवले नाहीत. त्या बाबतीत त्या कडकच होत्या.

गृहपाठ सगळ्यांना एकच होता. आपल्या घरातला एखादा गुणधर्म निवडा आणि वंशावळीचा तक्ता काढा. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. ज्याच्यात तो गुणधर्म असेल त्याची आकृती भरायची, जी नुसती वाहक असेल तिच्या वर्तुळात ठिपका द्यायचा. नावं लिहायची नाहीत, नाती लिहायची. पालकसभेच्या दिवशी तक्ते भिंतीवर लागणार होते. कुणी कानाची पाळी घेतली, कुणी गालावरची खळी. दीडला निवडायची गरजच नव्हती. बाईंनी ठिपक्यांचं पुस्तक त्याला घरी न्यायला दिलं. "पान फाटलं तर तुझी खैर नाही," एवढंच म्हणाल्या.

घरी त्याने बक्षीस मिळाल्यासारखी बातमी दिली.

"म्हणजे माझ्याकडून आलं?" आई इस्त्री तशीच हातात धरून उभी राहिली.

"तुझ्याकडूनच. बाबांचा काही संबंध नाही."

"हं. चांगलं काही आलं की ते त्यांच्याकडून."

वडील बसचालक होते. कामाच्या जागी दर वर्षी डोळे तपासत, त्यामुळे त्यांनी बूटही न काढता दारातच सगळी पानं धडाधड वाचून दाखवली. आईनेही वाचली. दीडने दोघांच्या आकृत्या काढल्या, आईच्या वर्तुळात ठिपका दिला, स्वतःचा चौकोन भरला आणि पुस्तक काखेत मारून मामाच्या दुकानाकडे निघाला.

मामा शिंपी होता. दोन मशीन, कापायचं एक लांब टेबल, इस्त्रीचा कोपरा, आणि भिंतीवर फळीला ठोकलेल्या चाळीस खुंट्यांवर चाळीस रिळं. अर्ध्या शाळेचे गणवेश याच दुकानातून जात. बाईंचा कोटही इथलाच होता.

"मामा, हे जरा वाच."

मामाने मशीनचं चाक हाताने थांबवलं, पुस्तकाकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा चाक फिरवलं. "माझा चष्मा नाहीये."

चष्मा त्याच्या नाकावर होता. कोपऱ्यात काजं करत बसलेली मामी खाली मान घालून दोरा दाताने तोडत राहिली.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक होतं. तिसऱ्या दिवशीही होतं. चौथ्या दिवशी मामाचे डोळे आले होते म्हणे, आणि त्याच डोळ्यांनी तो एका रेशमी अस्तराला अशी बारीक टीप घालत होता की मुंगीलाही टाका मोजता आला नसता. एरवी गल्लीभरच्या गप्पा मारणारा माणूस, पण या बाबतीत ताकास तूर लागू देत नव्हता.

त्या चौथ्या दिवशी दीड पुस्तक मांडीवर ठेवून टेबलापाशी नुसता बसून राहिला. एक गिऱ्हाईक बाई कोटाचं कापड घेऊन आल्या. मामाने माप घेतलं आणि मग नेहमीचं वाक्य म्हटलं, "दोरा तुमच्या पसंतीने तुम्हीच काढा. मागून तक्रार नको." त्या खूश झाल्या. सगळीच गिऱ्हाईकं खूश होत, इतका मान देणारा शिंपी दुसरा नव्हता. त्यांनी कापड रिळांना लावून पाहिलं, दोन-तीन काढली, ठेवली, एक पसंत करून दिलं आणि गेल्या.

मग मामाला आधीच्या अर्धवट पँटसाठी दोरा हवा झाला. तो भिंतीपाशी गेला. वरच्या ओळीच्या टोकाला त्याने बोट टेकवलं, ओठ पुटपुटले, बोट सरकलं. एक, दोन, तीन. तिसऱ्या खुंटीवरचं रीळ त्याने काढलं.

दीडने त्या रिळाकडे पाहिलं, मग चौथ्याकडे. त्याला दोन्ही अगदी सारखी दिसत होती. दुसऱ्या कुणाला मामा रिळांवरची धूळ पाहतोय असं वाटलं असतं. पण दीडही खडूच्या पेटीवर असंच बोट सरकवायचा. झाडाला सातवा खडू, खोडाला नववा. एकदा शेजारच्या पोराने पेटी सांडली, तेव्हा त्याच्या चित्रातल्या गाईने तपकिरी गवत खाल्लं होतं.

तो पुस्तक काखेत मारून घरी आला.

आता पंचाईत अशी होती की त्याला माहीत होतं. तक्त्यावर नावं नव्हती हे खरं, पण दीडचा मामा एकच होता आणि तो कोण हे प्रत्येक पालकाच्या अंगावरच्या कपड्यांना ठाऊक होतं. रंग न दिसणारा शिंपी! लोकांना असली गंमत पुरते, मग ते कोट दुसरीकडे टाकतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याने मामाच्या चौकोनात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.

"मामांचं काय झालं?" बाईंनी तक्ता पाहताना विचारलं.

"भेटले नाहीत, बाई."

"रोज त्यांच्याच दुकानावरून येतोस ना?"

"भेटतात. पण सापडत नाहीत."

बाई हसल्या. "मग राहू दे प्रश्नचिन्ह. माहीत नसलं की माहीत नाही म्हणावं, त्यात कमीपणा नाही." आणि त्या पुढच्या बाकाकडे गेल्या. दीडचे कान तापले. त्याला हा विषय आवडायचा. या विषयाने त्याला आळशी ठरवलं नव्हतं, वेंधळा ठरवलं नव्हतं, जे होतं ते सांगून टाकलं होतं. आणि त्याच विषयाच्या वहीत तो आता खोटं लिहीत होता.

पालकसभेच्या आदल्या दिवशी शाळेतून येताना मामाने त्याला हाक मारली. मामी तयार कपडे पोचवायला गेली होती. मामाने मशीनवरचं कापड बाजूला सारलं.

"वर्गात हसले का रे तुला?"

"हसले."

"मग?"

"मग काय?"

"मग काय झालं, असं विचारतोय."

दीडने आठवून पाहिलं. "मग तास संपला."

मामा पुढचं ऐकायला थांबला. दीडकडे आणखी काही नव्हतं.

"आण ते पुस्तक," मामा म्हणाला. चष्मा पुसून त्याने पान लांब धरलं. "एकवीस."

"मलाही एकवीस."

"दुसऱ्यांना?"

"चौऱ्याहत्तर."

"काहीतरीच." मामाने पान पुन्हा निरखलं. मग त्याला जे हसू आलं ते आवरेना. हसता हसता त्याने डोळे पुसले, आणि ते पाणी नुसतं हसण्याने आलं नव्हतं हे दीडला कळलं. त्याने मामाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

उमेदवारीच्या पहिल्याच महिन्यात मामाने एका तपकिरी कोटाला हिरव्या दोऱ्याची टीप घातली होती. उस्तादाने सगळ्यांदेखत कानाखाली वाजवली आणि विचारलं, आंधळा आहेस का? तेव्हापासून मामाने रंग बघणं सोडलं आणि जागा पाठ केल्या.

"बावीस वर्षं झाली दुकानाला," तो खुंट्यांकडे बोट करून म्हणाला. "एक रीळ जागा सोडून गेलेलं नाही. शिस्त असते ती. कुणाला म्हणून संशय नाही, तुझ्या मामीलासुद्धा नाही."

"प्रश्नचिन्ह ठेवलंय मी. तसंच राहू दे."

"भर तो चौकोन." मामाने सुई पुन्हा ओवायला घेतली. "तू तुझा भरलास ना? माझा काय सोन्याचा आहे? कुठल्या रंगाने भरतोस?"

"काळ्या."

"बरं झालं. तो दोघांनाही दिसतो." मग ओवता ओवता थांबून म्हणाला, "फक्त तुझ्या मामीला तक्ता दाखवू नकोस. बावीस वर्षं फसवलं असं वाटेल तिला. तेवढं सांभाळ."

दीडने चौकोन भरला. सकाळी बाईंनी तो पाहिला आणि सांगितलं की आता आजीच्या वर्तुळातही ठिपका यायला हवा. हे ऐकून आईचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे माझ्या आईकडून आलं," ती पालकसभेला निघताना दोनदा म्हणाली. आजी आता नव्हती, त्यामुळे तिची बाजू मांडायला कुणीच नव्हतं.

आईबरोबर वर्गाच्या दारातून मामीही आत आली. ती येईल असं त्याने धरलंच नव्हतं. आई बाईंशी बोलायला थांबली. मामी भिंतीकडेने पाळ्या आणि खळ्या बघत सरळ त्याच्या तक्त्याकडे येऊ लागली, तसा तो तक्त्याला पाठ लावून उभा राहिला.

"सरक," मामी म्हणाली.

"मामी, ते पुढचे तक्ते जास्त छान आहेत."

"असतील. सरक."

तो सरकला. मामीने कपडा तपासावा तसा तक्ता वरून खाली पाहिला. आजीच्या वर्तुळावर बोट ठेवलं, तिथून आईच्या वर्तुळावर आणलं, आणि मग शेजारच्या भरलेल्या चौकोनावर नेऊन ठेवलं. वर्गात इतकी माणसं बोलत होती आणि त्याला फक्त मामीच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

"बरोबर काढलंयस," ती म्हणाली.

"मामी, त्यांनी तुला फसवायला म्हणून नाही..."

"अरे, मला कशाला फसवतील? त्यांना वाटतं रिळं आपापल्या जागेवर राहतात." मामीचा आवाज खाली आला. "गिऱ्हाईक एकीकडून काढतं आणि भलतीकडेच अडकवतं. दिवसातून दहादा. मी मागून लावत असते."

"आणि मामाला माहीत नाही?"

"शिस्तीचं केवढं कौतुक सांगतात बघतोस ना. सांगू दे." तिने चौकोनावरचं बोट काढलं. "मी हे पाहिलं म्हणून सांगू नकोस हं त्यांना."

बाई मामीला खुर्ची देत होत्या. अजून भाषणं व्हायची होती, चहा यायचा होता. मामीने मान हलवली आणि खांद्यावरची पिशवी सावरली.

"नाही हो, बसत नाही. तासभर झाला दुकान सोडून," ती म्हणाली. "आज सुट्टीचा दिवस, गिऱ्हाईकं असणार." आणि ती झपाझप निघाली.