तीस खाटांचं वाक्य

“हे वाक्य काढून टाका,” साहेब म्हणाले.

बाईंनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला. “घाला म्हणायचंय का तुम्हाला?”

“नाही. काढा.”

“बावीस वर्षं या टेबलाशी बसतेय. अभ्यासू घाला, लोकप्रिय घाला; एकजण तर ‘देखणे’ घाला म्हणून दोन तास हटून बसले होते. काढा म्हणणारे तुम्ही पहिलेच.”

विधानभवनाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिथे लिफ्ट थांबते पण दार उघडेलच असं नाही, तिथे माजी आमदारांचे अल्पपरिचय तयार ठेवतात. कशासाठी, ते कुणी बोलत नाही. माजी सदस्य गेला की अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी शोकप्रस्ताव येतो, परिचय वाचला जातो, सभागृह दोन मिनिटं उभं राहतं आणि चहाला जातं. पूर्वी हे परिचय ऐनवेळी लिहीत. मग एका आठवड्यात तिघे गेले, आणि त्या गडबडीत एका आजन्म ब्रह्मचाऱ्याच्या पश्चात सभागृहाने पत्नी व चार मुलं ठेवली. तेव्हापासून ज्याचा त्याने परिचय आधीच तपासून सही करायची, असा नियम झाला. मृत्यूच्या तारखेची जागा तेवढी कोरी असते. त्या बाबतीत कार्यालय कुणाला घाई करत नाही.

साहेबांचा परिचय सहा ओळींचा होता. बोट ठेवलं होतं ते वाक्य असं: ‘त्यांच्या अथक प्रयत्नांतून मतदारसंघात तीस खाटांचे सुसज्ज रुग्णालय उभे राहिले.’

“कारण काय लिहू?” बाईंनी विचारलं.

“ते उभं राहिलेलंच नाही.”

“उद्घाटनाचा फोटो आहे की इथे. कात्री तुमच्याच हातात आहे.”

“पुढची भिंत होती. दार होतं, पाटी होती. मागे मोकळं रान.”

“आणि तरी फीत कापलीत?”

“कापली. मंत्री म्हणाले, बाकीचं होईल मागाहून.”

साहेब राजकारणात आले ते हातांमुळे. आधी त्यांचं गॅरेज होतं आणि तळवे फावड्याएवढे. मंत्री बोलले की मागच्या बाकांवरून बाकं वाजवायला पक्षाला भक्कम माणूस हवा होता. साहेबांनी एकदा वाजवलं की चौघांनी वाजवल्यासारखं वाटायचं. विरोधक त्यांना ‘बाकवाले’ म्हणत. स्वपक्षीयही म्हणत, पण प्रेमाने. दहा वर्षांच्या कारकिर्दीत त्यांचं बाक दोनदा बदलावं लागलं. भाषण मात्र एकच झालं.

त्या भाषणाला कारण त्यांचा ड्रायव्हर. उद्घाटनाच्या दिवशी तो चाळीस गाड्यांच्या मागे आपल्या गाडीत बसून होता. त्याला लांबून पाटी दिसली, टाळ्या ऐकू आल्या. चार महिन्यांनी त्याच्या बायकोचे दिवस भरत आले आणि एका दुपारी रक्त जायला लागलं. आपल्या साहेबांचं रुग्णालय जवळ आहे म्हणून तो तिला घेऊन तिथे गेला. दार ढकलून आत शिरला, तो रानात. पुढच्या शहराला चाळीस किलोमीटर होते. तिला पंचवीसच पुरले.

पाचव्या दिवशी तो वेळेवर कामावर आला. “गाडी धुवायची राहिली होती,” म्हणाला. एवढंच. त्याने शिव्या घातल्या असत्या तर साहेबांनी खाल्ल्या असत्या, पचवल्याही असत्या. शिव्यांची त्यांना सवय होती. पण तो गाडी धूत राहिला. तेव्हा पुढच्या अधिवेशनात साहेब उठून उभे राहिले.

“मी हे सगळं सभागृहात बोललोय,” साहेब बाईंना म्हणाले. “बघा ना काढून.”

बाईंनी त्या वर्षाचा जाडजूड खंड आणला, धूळ झटकली, पान उघडलं. साहेबांच्या भाषणाच्या जागी कंसात एक ओळ होती: ‘अध्यक्षांच्या आदेशानुसार कामकाजातून काढून टाकण्यात आले.’ तिच्याखाली मंत्र्यांचं उत्तर: ‘सदर रुग्णालय उत्तम प्रकारे सुरू आहे.’ त्याच्याखाली पुन्हा कंस: ‘सत्तारूढ बाजूकडून बाके वाजविण्यात येतात.’

साहेबांनी शेवटच्या कंसावरून बोट फिरवलं. “यात मी पण आहे.”

“कशात?”

“वाजवण्यात. मंत्री बोलायचे थांबले, सगळ्यांनी वाजवलं. माझेही हात... सवय हो. तिसऱ्या ठोक्याला लक्षात आलं.”

बाईंनी खंड मिटला. म्हणाल्या, “दोन मार्ग आहेत. रुग्णालय नव्हतं आणि फीत मी कापली, असं लेखी द्या. चौकशी लागेल, पहिली तुमच्या दारात येईल, आणि ती संपली की वाक्य निघेल. तेव्हाचे मंत्री आता कुठे आहेत, ठाऊक आहे ना?”

“वर आहेत.”

“वर म्हणजे पाचव्या मजल्यावर. उगाच आशा नको.”

“आणि दुसरा मार्ग?”

“‘कार्य’ हा रकाना ऐच्छिक आहे. अख्खा रिकामा सोडा. मग दोन ओळी उरतात, जन्म झाला आणि दोनदा निवडून आले.”

साहेबांनी दुसरा मार्ग धरला. दहा वर्षं आमदारकी केलेल्या माणसाला सोपी वाट ओळखायला वेळ लागत नाही.

खाली ड्रायव्हर गाडीत बसला होता. आमदारकी गेली तसा सचिव गेला, कार्यकर्ते गेले, भाऊबंदही गेले, हा राहिला. का राहिलास, हे विचारायची साहेबांची छाती झाली नव्हती.

“झालं काम?”

“झालं. हे बघ.”

ड्रायव्हरने कागद लांब धरून वाचला. “एवढंच?”

“रुग्णालयाचं काढून टाकलं. उद्या माझं बरंवाईट झालं, तर निदान तुझ्या कानांवर ते पडायला नको.”

ड्रायव्हरने कागदाची घडी घातली. “म्हणजे आता ते नव्हतंच?”

“नव्हतंच ना रे!”

“ते मला नका सांगू, साहेब. मी आत जाऊन आलोय.” तो समोर काचेतून बघत होता. “पण कागदावर तरी होतं. आता तिथूनही गेलं. मग मी तिला घेऊन गेलो कुठं?”

रागाने नाही; पत्ता विचारावा तसं विचारलं त्याने.

साहेब गाडीतून उतरले. लिफ्टची वाट न बघता तीन जिने चढले. बाई डबा आवरत होत्या.

“लेखी देतो,” साहेब धापा टाकत म्हणाले. “कागद द्या.”

बाईंनी कागद सरकवला. साहेबांनी अर्धा तास लिहिलं. भिंतीचं लिहिलं, फितीचं लिहिलं, बाक वाजवल्याचंही लिहिलं. त्या दारातून जिला आत नेलं तिचं पूर्ण नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि खाली सही केली.

बाईंनी सगळं वाचलं. “एक सांगून ठेवते. चौकशी चालू असताना परिचयात बदल करता येत नाही, असा नियम आहे. म्हणजे तुमचा मघाचा फॉर्म रद्द. हा कागद पाचव्या मजल्यावर जाईल, आणि तिथून काही खाली येत नाही. तुमच्या त्या दिवशी सभागृहात तीस खाटाच वाचल्या जाणार.”

“ठाऊक आहे.”

“मग कशाला हा खटाटोप?”

“पोच मिळते ना, शिक्क्याची?”

“मिळते की.”

“मग दोन प्रती करा,” साहेब म्हणाले. “एक खाली गाडीत द्यायचीय.”