गळ्याशी थांबलेला रुमाल

त्या शनिवारी तेर ब्राकेंच्या कालव्याकाठच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. नेदरलँड्समधलं ते अर्धं मिडलबर्ग शहर ओल्या कोटांसकट दिवाणखान्यातल्या एका जुन्या चित्राकडे टक लावून उभं होतं. चित्रात या घराण्याचा पूर्वज, साखरेचा व्यापारी तेर ब्राके, त्याची बायको आणि टेबलावर अर्धवट सोललेलं लिंबू. बायकोच्या मागे आजवर नुसता काळोख होता. आता दर शनिवारी तिथे थोडाथोडा एका काळ्या मुलीचा चेहरा उमटत होता.

उमटवणारा होता योस्त. हा बुवा भगव्यातला नव्हे, करड्या सुटातला; पण थाट तोच. पांढरा रुमाल काढायचा, डोळे मिटायचे आणि चित्रावर अलगद टेकवायचा. "रडू नको बाळ, तुझं दुःख मी टिपून घेतो!" रुमाल काळा व्हायचा, गालाचा तुकडा उजळायचा आणि भलेभले हुंदके द्यायचे.

नेल्दानेही दिले होते. शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी बाई, तरीही. तिचे पूर्वज सुरिनामच्या डच वसाहतीत याच तेर ब्राकेंच्या उसाच्या मळ्यावर गुलाम होते आणि त्यांच्यातल्या एकाचाही चेहरा कुणी पाहिलेला नव्हता. शाळेपासूनचा मित्र वाउटर तेर ब्राके "आमच्या घरात तुमचं माणूस दिसतंय" असं सांगत आला, तेव्हा तिची अक्कल रजेवर गेली. इर्मामावशीला तिनेच इथे आणलं.

मावशी पुढच्या खुर्चीत बसली होती, डोक्याला सणासुदीचं खळ घातलेलं फडकं बांधून. योस्त तिच्यापुढे झुकला.

"ती म्हणतेय, 'मी या घराला माफ केलं.' इर्माताई, तुम्ही तिच्या रक्ताच्या. हे शब्द तिला तुमच्या तोंडून हवेत."

वाउटरने चित्रीकरणासाठी मोबाईल वर धरला. माफीचं नेल्दाला कुणीच सांगितलं नव्हतं. मावशी खुर्चीचे हात धरून उठली, तशी नेल्दा आधार द्यायला पुढे गेली आणि पहिल्यांदाच योस्तला खेटून उभी राहिली. चित्राभोवती ठेवलेल्या लिलीच्या फुलांच्या घमघमाटातून एक ओळखीचा वास नाकात शिरला.

"मावशी, थांब. एक शब्द बोलू नकोस." तिने रुमाल हिसकावून हुंगला. "ॲसिटोन! नखांचा रंग काढतात ना, तेच."

"शंकेखोर हात लागला की आत्मा निघून जातो!" योस्त ओरडला.

"आत्मा जाऊ दे, रंग कुठे जातो ते बघू. मूळ रंग शतकांत वाळून टणक झालाय. हा काळा थर तिला झाकायला नंतर फासलाय, म्हणून तो सुटतोय. पण महाराज, हनुवटीशीच का थांबलात?" तिने रुमाल चित्रातल्या गळ्याकडे नेला.

"नेल्दा, गळ्यावर नको!" वाउटर किंचाळला.

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मावशीने शांतपणे रुमाल मागून घेतला आणि गळ्यावर टेकवला. काळा थर सुटला. खाली चांदीचा पट्टा होता, गुलामांना घालत तसा, कुलूप लावलेला. त्यावर तेर ब्राके घराण्याचा बगळा कोरलेला होता. या घराच्या दारावर होता, कॉफीच्या कपांवर होता, तोच.

"तुला माहीत होतं," नेल्दा म्हणाली.

"चित्राचा एक्स-रे काढून घेतला होता." वाउटरची मान खाली गेली. "पणजोबांनी झाकलं होतं ते. योस्तला मीच आणलं. मला वाटलं, आधी माफी मिळाली की मग हा पट्टा बघणं सगळ्यांनाच सोपं जाईल."

"सगळ्यांना? माझा हात धरून रडलास तू, वाउटर! आणि मी मावशीला आणून उभं केलं तुमच्यासमोर!" तिला रडू आवरेना. योस्तचा तिला राग आला होता. याने मात्र तिला आतून मोडलं होतं.

गर्दी गुपचूप दाराकडे सरकू लागली. नेल्दाने डोळे पुसले.

"जाऊ नका, ऐका. मीही फसले, शिकलेली असून फसले. पुढच्या वेळी चमत्कार दिसला, की हात जोडण्याआधी नाक वापरा. आणि त्याने कुणाची सोय होतेय, तेवढं विचारा."

मावशीने रुमाल टेबलावर ठेवला.

"माफी मागायला यांची जीभ रेटली नाही, म्हणून मेलेल्या पोरीकडून 'माफ केलं' असं वदवून घेतलं." ती वाउटरकडे वळली. "तिचं नाव काय होतं रे?"

"माहीत नाही," वाउटर म्हणाला.

"मग आधी ते शोध," मावशी म्हणाली.