हुणसेकट्ट्याला स्टेशन नव्हतं

आमच्या घरात दोन बेडरूम आहेत. एकीत माणसं राहतात आणि दुसरीत रेल्वे.

म्हणजे सिग्नलचा एक अख्खा हात, गार्डाची लोखंडी पेटी, डझनावारी कंदील, बंद पडली तेव्हा ज्या स्टेशनांसाठी कोणी रडलं नाही त्यांच्या पाट्या, आणि पुठ्ठ्याच्या तिकिटांचे खोके. सगळं लिलावातून किंवा भंगारवाल्यांकडून रीतसर घेतलेलं. माझी बायको अलका त्या खोलीला यार्ड म्हणते. मी सरकारी कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा इंदिरानगरच्या आमच्या मराठी गोतावळ्यात ती सगळ्यांना सांगत सुटली होती, "चंद्रकांत सुटले. सामान अजून ड्यूटीवर आहे."

यंदा तिने मुदत दिली. आमचा ईशान हैदराबादची नोकरी सोडून बायको श्वेता आणि तान्ह्या मुलीसकट दसऱ्याला बंगळूरला येणार होता. घर मिळेपर्यंत आमच्याकडेच. म्हणजे यार्ड रिकामं व्हायला हवं होतं.

मी संग्रहाला घर शोधायला निघालो. एका संग्रहालयाने "ठेवून जा" म्हटलं, देवळाबाहेर चपला ठेवून जा म्हणतात त्याच स्वरात. एका कॉलेजने फक्त कंदील मागितले, स्नेहसंमेलनाच्या सजावटीला. मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "बाबा, सगळ्याचे हाय-रेझ फोटो काढून ठेवा ना." मी त्याला म्हटलं, तुझेही काढून ठेवतो, मग तूही यायची गरज नाही. त्यानंतर आठवडाभर तो फक्त आईशी बोलला.

अशात सिद्धी आली. मूळची पुण्याची, एका बिल्डरकडे मार्केटिंग बघणारी, चटपटीत आणि खरोखर गोड मुलगी. होसकोटेच्या वाटेवर, रुळांना लागून, हुणसेकट्टे नावाच्या जागी त्यांचे दोन टॉवर उभे राहिले होते. प्रकल्पाचं नाव 'द ओल्ड स्टेशन'.

"अंकल, लॉबीत आपण हेरिटेज गॅलरी करतोय. काचेची कपाटं, एसी, लायटिंग, सगळं आमचं. तुमचं कलेक्शन तिथे परमनंट राहील, तुमच्या नावाने. तुम्ही फक्त भिंतीवर लावायला त्या स्टेशनची हिस्ट्री लिहून द्या. दोनशे शब्द."

अलकाने तिला दुसऱ्यांदा पोहे वाढले. तिसऱ्यांदाही वाढले असते.

"हुणसेकट्ट्याला स्टेशन नव्हतं," मी म्हटलं.

"म्हणजे छोटं होतं?"

"नव्हतंच. तिथे राखेचा खड्डा होता."

सिद्धीने वहीत काही लिहिलं नाही. मी समजावून सांगितलं. वाफेच्या इंजिनात कोळसा जळतो, त्याची राख खाली साठते, ती मधूनमधून पाडावी लागते. त्यासाठी रुळांच्या मधोमध विटांनी बांधलेला लांब खड्डा असतो. लष्कराच्या गवताच्या गंजींसाठी हुणसेकट्ट्याला एक फाटा काढला होता. तिथे इंजिन उभं राहायचं, राख पाडायचं, पाणी प्यायचं आणि परत जायचं. लहानपणी वडील मला सायकलच्या दांड्यावर बसवून तिथे न्यायचे. फायरमन खालून सळईने ढवळायचा आणि लालभडक निखाऱ्यांचा लोट धाडकन खड्ड्यात पडायचा. मग आजूबाजूच्या गावातल्या बायका टोपल्या घेऊन उतरायच्या. राखेतून अर्धे जळलेले कोळसे वेचायच्या, ओल्या गोणपाटाने पाय गुंडाळून. त्यांच्या घरची चूल त्यावर पेटायची. मोठी स्टेशनं पुष्कळांनी पाहिली आहेत. त्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि दुसऱ्या कुणी त्यांच्याबद्दल एक ओळ लिहिल्याचं मला माहीत नाही.

"वॉव," सिद्धी म्हणाली. आणि मग, "अंकल, पण राख नको हं. लोक तिथे गृहप्रवेश करणार आहेत."

"मग निखारे लिहा."

"निखारे म्हणजे फायर सेफ्टी. लीगलवाले उडवतील."

"फाटा?"

"फाटा म्हटलं की लोकांना काहीतरी फाटलंय वाटेल. नको." तिने वही मिटली. "अंकल, खरं सांगा, स्टेशन म्हटलं तर कोणाचं नुकसान होतंय?"

या प्रश्नाचं उत्तर मला तिथल्या तिथे देता आलं नाही. चांगली उत्तरं मला दाढी करताना सुचतात. मी एवढंच म्हटलं, की खरं तेच लिहून देईन. ती म्हणाली, "ऑफ कोर्स अंकल, सरी." पुण्याहून आलेल्या लोकांना कन्नड शिकायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात 'ठीक आहे'साठीचा हा एक शब्द नक्की येतो.

मी लिहून दिलं. राख, बायका, गोणपाट, सगळं. उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र आलं. दोनच दिवसांत त्यांचा टेम्पो येऊन यार्ड उचलून घेऊन गेला. सामान फक्त उसनं आहे आणि उद्घाटनापर्यंत परत घेता येईल, असं मी त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. तेवढी अक्कल सरकारी नोकरी माणसाला देतेच. अलकाने खोली पुसली, पडदे लावले, आणि मध्यभागी उभी राहून म्हणाली, "इथे खिडकी होती होय."

मला घर सापडलं होतं. मी खरंच खूष होतो. रात्री अंधारात उठल्यावर पॅसेजपर्यंत आलेल्या गार्डाच्या पेटीवर पाय आपटत नाही, हेही काही कमी सुख नव्हतं.

मग निमंत्रणाचं कार्ड आलं. जाड, सोनेरी कडेचं. आत मजकूर असा, की १८८९ साली स्थापन झालेल्या हुणसेकट्टे स्टेशनच्या रम्य फलाटावर स्टेशनमास्तर मिस्टर हॉलंड रोज संध्याकाळी चिंचेच्या झाडाखाली चहा घेत, आणि त्यांचा तो निवांतपणा आता प्रत्येक रहिवाशाला लाभणार. चित्रात इंजिन होतं ते डोंगरातल्या खेळण्यासारख्या गाडीचं, आमच्या रुळांवर चढवलं तर दोन रुळांच्या मधे पडलं असतं. आणि सगळ्यांत खाली : इतिहासलेखन, चंद्रकांत गोडसे. नाही, आडनाव त्यांनी चुकवलं होतं. मी घोडके. पण पत्ता बरोबर होता, आणि फोटोही माझाच.

मी कार्ड अलकापुढे ठेवलं. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे, खोली रिकामी झाली ना.

तिने चष्मा लावून दोनदा वाचलं.

"हा हॉलंड कोण?"

"कोणी नाही."

"तीस वर्षं मी तो राखेचा खड्डा ऐकतेय," ती म्हणाली. "लग्नानंतर पहिल्या रविवारी तुम्ही मला सिनेमाला न नेता तो खड्डा दाखवायला नेलंत. तोही बुजलेला होता. मी नवी साडी नेसून बुजलेला खड्डा बघितला. त्या बायका मला पाठ आहेत. आणि आता तिथे हॉलंड चहा पिणार?"

"मग काय करायचं? ईशान चार दिवसांत येतोय."

"ते बघू. बोल्ट किती नंबरचे आहेत?"

मी सिद्धीला फोन केला. ती म्हणाली, सरांना स्टेशनच आवडलंय, ब्रोशर छापून झालीत, पण अंकल, खाली एक स्टार टाकून बारीक अक्षरांत 'कल्पनाविस्तार' असं घालू शकतो. मी म्हटलं, मोठ्या अक्षरांत घाला आणि माझं नाव काढा. तिने विचारून सांगते म्हटलं. विचारून तिने काहीच सांगितलं नाही, याचा अर्थ मला सरकारी नोकरीने शिकवला होता.

उद्घाटनाच्या सकाळी आम्ही दोघं टेम्पो घेऊन हुणसेकट्ट्याला गेलो. माझ्या हातात पान्यांची पिशवी, अलकाच्या हातात जुन्या चादरी. गेटवर गिरीराज नावाचा वॉचमन होता. "अण्णा, प्रोग्रॅम आतमध्ये," तो म्हणाला. मी म्हटलं, मी प्रोग्रॅममध्येच आहे, आणि कार्डावरचा माझा फोटो दाखवला. त्याने सलाम ठोकला.

लॉबी सुंदर होती, हे मान्य करायला हवं. माझे कंदील काचेत असे चमकत होते, की घरात मी त्यांच्यावर अन्याय केला असं वाटलं. पान्यांची पिशवी मी खाली ठेवली. इतकी जागा, इतका उजेड यापुढे त्यांना कधी मिळणार नव्हता. मग सिग्नलचा हात दिसला, भिंतीवर वर उचलून बसवलेला, 'खुशाल पुढे जा' म्हणत. या सिग्नलची खरी गंमत अशी, की तार तुटली, बिघाड झाला, कुणी लक्ष दिलं नाही, तर तो आपोआप आडवा होऊन 'थांबा' म्हणतो. बिघडल्यावर हो म्हणणारा सिग्नल रेल्वेने कधी बसवला नाही. ती पद्धत इतर खात्यांत आहे.

मी शिडी ओढली आणि पहिला बोल्ट सैल केला.

पाहुणे जमत होते. फ्लॅट घेतलेली तरुण जोडपी, त्यांचे आईवडील, हातात फळांच्या रसाचे ग्लास. त्यांना वाटलं हाच कार्यक्रम आहे. काहींनी मोबाइल काढले.

"काय करताय, काका?" एका मुलीने मराठीत विचारलं. केतकी नाव होतं तिचं, नागपूरची, सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतलेली.

"सामान घरी नेतोय. इथे स्टेशन नव्हतं."

"पण आम्हाला तर स्टेशन रिओपन होणार म्हणून सांगितलंय."

"जे उघडलंच नव्हतं ते पुन्हा उघडायला जरा वेळ लागेल."

ती नवऱ्याकडे वळली. नवरा छताकडे बघायला लागला. छत चांगलं होतं.

सिद्धी धावत आली. "अंकल, प्लीज. रिबननंतर काढा, मी स्वतः पॅक करून पाठवते."

"रिबन कापली की उसनेपणा संपतो, सिद्धी. तूच टाइप केलं होतंस."

"माझी नोकरी जाईल."

हे मात्र मला लागलं. मी शिडीवरून उतरलो. "तू मला खरं लिहू नका असं कधी म्हणालीस का? नाही. तू फक्त विचारलंस, कोणाचं नुकसान होतं. ते उत्तर तुझ्या साहेबांना देतो, तुझं नाव न घेता."

साहेब आलेच. पांढरा शर्ट, शांत चेहरा. त्यांनी माझा खांदा दाबला. "सर, सगळे कंदील न्या. नवीन बनवून घेऊ, दोन दिवसांचं काम. पण तमाशा नको. तुम्ही शिकलेले आहात."

"म्हणूनच," मी म्हटलं. "अडाणी असतो तर हॉलंड वाचता आला नसता."

"शंभर वर्षांपूर्वीच्या राखेसाठी एवढं?"

"शंभर नाही. मी पाहिलीय. इथे बायका निखाऱ्यांतून कोळसे वेचायच्या, त्यांच्या नाती आज तुमच्या बांधकामावर विटा वाहून गेल्या असतील. त्यांना काढून तुम्ही तिथे चहा पिणारा साहेब बसवलात, आणि खाली माझं नाव. तुम्हाला खोटं बोलायचं तर बोला, धंदा आहे. माझ्या तोंडून नाही."

ते गिरीराजकडे वळले आणि कन्नडमध्ये म्हणाले, यांना बाहेर काढ. गिरीराज आला. माझ्याकडे पाहिलं, वर सिग्नलकडे पाहिलं, आणि शिडी धरली. "स्वल्प निधान, अण्णा," तो म्हणाला, म्हणजे जरा सावकाश. "लोखंड जड आहे."

आम्ही चौघांनी मिळून तो हात उतरवला. चौथी केतकी, नवऱ्याने तिचा ग्लास धरला होता. मग कंदील, पेटी, पाट्या. भिंतीवर माझ्या नावाची पितळी पट्टी उरली. मी तीही काढायला लागलो.

"ती आमची आहे," साहेब म्हणाले.

"पट्टी तुमची. नाव माझं." मी ती काढली, उलटी करून त्यांच्या हातात दिली. मागची बाजू कोरी होती. "हवं तर हॉलंडचं कोरा. बरोबर कोरा मात्र, नाही तर त्याचंही आडनाव चुकवाल."

बाहेर टेम्पो भरेपर्यंत बरेच लोक मागे आले होते. खड्डा नेमका कुठे होता, केतकीने विचारलं. मी दाखवला : पोहण्याच्या तलावाच्या खोल बाजूला. सगळे निळ्या पाण्यात वाकून बघायला लागले, तळाशी विटा दिसतील अशा आशेने. मुख्य पाहुणे आत कात्री घेऊन उभे असल्याचं कोणीतरी येऊन सांगून गेलं. कोणी हललं नाही. मी गोणपाटापासून सांगायला सुरुवात केली.

अलका टेम्पोपाशी उभी राहून फोनवर बोलत होती.

"हो, ईशान, खोली पुन्हा भरली. सगळं परत आणतोय... नाही, कुठेही ठेवणार नाही आता. तुम्ही हॉलमध्ये झोपा. बाळाचा पाळणा पेटीवर बसतो का, मोजून ठेव म्हणावं श्वेताला... अरे, गैरसोय होईल, तर होऊ दे. आम्हाला तीस वर्षं होतेच आहे."