दादाचा जुना साचा

दादाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नव्हता. पुढच्या रविवारच्या तालमीतही पोचला नाही तर त्याचं काम दुसऱ्याला द्यावं लागेल, असं दिग्दर्शकबाईंनी सांगून टाकलं. त्यांचं तरी काय चुकलं? अडीच हजार वर्षांपूर्वीचं ग्रीक प्रहसन, सगळ्यांच्या तोंडावर मुखवटे. त्यात शब्दच ऐकू आले नाहीत तर लोकांनी हसायचं कशाला?

मुखवटे दादाच्या धाकट्या बहिणीने केले होते. बाई तोंडाने फटकळ, पण हात असा, की तिने केलेलं नाक आता शिंकतं की काय असं वाटावं. गेल्या वर्षी दादाच्या चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडली, तोंड डावीकडे ओढलं गेलं, आणि नाटकवाल्यांनी त्याला बोलावणं सोडून दिलं. चाळीस वर्षं लोकांना हसवत आलेला माणूस रुमालात तोंड लपवून घरी बसला. मुखवट्याचं नाटक आलं म्हणून तर त्याला पुन्हा रंगमंच दिसला होता. आता तोही जाणार म्हटल्यावर दादाचं जेवणावरून मनच उडालं.

खरं कारण एकट्या बहिणीला ठाऊक होतं, आणि ते तिला आतून खात होतं. मुखवटा करायचा तर नटाच्या चेहऱ्यावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या लावून आधी साचा घ्यावा लागतो. बाकी आठ जणांचे तिने घेतले. दादाच्या वेळी मात्र तिचा धीर होईना. कपाटात त्याचा सहा वर्षांपूर्वीचा, धडधाकट चेहऱ्याचा साचा पडून होता, त्यावरच तिने काम उरकलं. त्यामुळे मुखवट्याचं तोंड मधोमध आणि दादाचं डावीकडे. बिचारा आतल्या आत ओरडत होता.

सोमवारी सकाळीच ती त्याच्या घरी गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. आता हा आपल्याला दार दाखवणार, अशी तिने मनाची तयारी केली होती.

"म्हणजे तुलाही माझ्याकडे बघवत नाही तर," तो म्हणाला.

"नाही बघवत, दादा. रडू येतं. पण चुकले मी आणि भोगतोयस तू. चल, आडवा हो."

तो सतरंजीवर पडला. तिने व्हॅसलीन लावलं. उजव्या गालाला हात लागताच तिने तो मागे घेतला, मग स्वतःलाच एक शिवी हासडली आणि पट्ट्या लावल्या.

रविवारी दिग्दर्शकबाई शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. दादा वाकड्या तोंडाचा नवा मुखवटा घालून आला, पहिलंच वाक्य बोलला, आणि बाई खो खो हसत सुटल्या. काम त्याचंच राहिलं.

तालीम संपल्यावर सगळ्यांनी मुखवटे उतरवून चहा घेतला. दादाने खिशातून रुमाल काढलाच नाही. तसाच उघड्या तोंडाने बहिणीसमोर येऊन बसला. ती कपातल्या चहाकडे बघायला लागली.

"वर बघ," तो म्हणाला. "सवय करून घे बाई. अजून चाळीस प्रयोग व्हायचेत."

तिने बघितलं. रडू आलंच, पण तिने मान खाली घातली नाही.