उजवीकडची पहिली सुपारी

निकाल लागला त्या सकाळी मैथिली बारबोले उठली, तेव्हा तिच्या पुढे तिची चुलत बहीण निहारिका पाठमोरी उभी होती. मैथिली अंथरुणातून उतरली तशी निहारिका एक पाऊल पुढे सरकली. दोघी एकीमागे एक मोरीपाशी गेल्या. निहारिकाने दात घासले, मग मैथिलीने. आरशात मैथिलीला स्वतःचा चेहरा दिसला नाही. निहारिकाची वेणी दिसली, आणि वेणीच्या टोकाला बांधलेलं मरून रबर.

घरात कोणाला नवल वाटलं नाही. सीईटीत दोघींचे गुण सारखे होते, पण गणितात निहारिकाला जरासे जास्त पडले होते. त्यामुळे राज्याच्या यादीत निहारिकाच्या पाठोपाठचा नंबर मैथिलीचा होता. मग ती पाठोपाठच उभी राहणार.

अडचण वेगळीच होती. निहारिकाच्या पुढे रोह्याचा एक चष्मेवाला मुलगा होता, त्याच्या पुढे उदगीरची एक मुलगी, तिच्याही पुढे कोणी. रांग स्वयंपाकघरातून निघून जिन्याने खाली उतरली होती आणि बार्शीच्या त्या गल्लीत वळण घेऊन दिसेनाशी झाली होती.

"एवढ्यांचा चहा कोणी टाकायचा?" काकीने विचारलं.

"घरातले नंबर असतील त्यांनाच द्या," मैथिलीची आई म्हणाली.

"काकू, मला अर्धा चालेल," रोह्याचा मुलगा म्हणाला. त्याला अर्धा दिला.

मैथिलीच्या मागेही कोणीतरी होतं. मानेवर श्वास लागायचा, त्याला लवंगेचा वास होता. पण रांगेत मागे वळून बघायचं नसतं. कोणीच बघत नाही. तिनेही बघितलं नाही.

पुढची ती मान, ती वेणी मैथिलीला तोंडपाठ होती. दुधाचा पहिला दात निहारिकाचा पडला होता, सायकल निहारिकाला आधी आली होती, आणि एकाच टेबलावर अभ्यासाला बसल्यावर पान आधी उलटण्याचा आवाजही तिच्याच बाजूने यायचा. निहारिका कधी उत्तर झाकून ठेवायची नाही. अडलं की वही सरकवायची आणि म्हणायची, "बघ गं मैथू, सोपंय." तेच मैथिलीला सहन व्हायचं नाही. माणसाचा हेवा करायचा, तर त्यात थोडी तरी खोट असावी लागते. निहारिका तेवढीही सोय ठेवत नव्हती.

त्याच आठवड्यात क्लासच्या मोहोळकर सरांनी मुलांना गेल्या वर्षीचे दाखवायला नेलं. प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात, प्रत्येक शाखेच्या दारात, गेल्या वर्षी ज्याला सगळ्यांत शेवटी प्रवेश मिळाला तो उभा असतो. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. या वर्षीचा शेवटचा येईपर्यंत त्याने हलायचं नसतं. यालाच कटऑफ म्हणतात. आपल्या मुलाला त्याच्या शेजारी उभं करून बघितलं, की हे दार लागेल की नाही याचा अंदाज येतो.

"आकडे काय, कोणीही सांगेल," मोहोळकर सर पालकांना म्हणायचे. "मी माणूस दाखवतो."

सगळे जीपमधून निघाले. रोह्याचा मुलगा बोनेटवर बसला, कारण त्याला पुढे राहणं भागच होतं.

नदीकाठच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या दारात एक हाडकुळा मुलगा पेरू खात उभा होता. भिंतींना ओल होती. दोघींकडे नुसतं बघून त्याने अंग चोरलं आणि वाट दिली.

"तुमचे नंबर माझ्या पुष्कळ वरचे आहेत," तो म्हणाला. "इथं मोजायला कशाला येता? आमची लाज काढायला?"

"खात्री असलेली बरी," काका म्हणाले.

"मग या की. हमखास आहे. पावसाळ्यात तेवढं बाक वर उचलून ठेवायला लागतात."

टेकडीवरच्या कॉलेजला जायला जीप चढाला लागली तेव्हा मैथिलीच्या जिभेखाली पाणी सुटलं. दहावीपासून तिला हेच दार हवं होतं. निहारिकालाही हेच हवं होतं, पण ते तिने मागून ठरवलं होतं. एखादी गोष्ट आपण आधी ठरवली, असं मैथिलीच्या बाबतीत एवढं एकदाच घडलं होतं.

दारात ऋजुता नावाची मुलगी उभी होती. तिचं बाहेरचं अर्धं अंग उन्हाने रापलं होतं, आतलं अर्धं ट्यूबलाइटखाली पांढरं पडलं होतं. बाहेरच्या पायात चप्पल होती, आतला पाय अनवाणी. तिच्या पाठीमागून गारवा येत होता. लांब कुठल्यातरी वर्गात कोणी फळ्यावर खडूने लिहीत होतं. तो आवाज मैथिलीने कान देऊन ऐकला.

निहारिका ऋजुताच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दोघींच्या सावल्या एकमेकींकडे सरकल्या आणि एक झाल्या.

"तंतोतंत!" मोहोळकर सर म्हणाले. "गेल्या वर्षी ह्याच नंबरला दार बंद झालं होतं. अशी गाठ मी नाही पाहिली कधी."

"आणि माझं?" मैथिलीने विचारलं.

"उभी राहा की. उभं राहायला काय जातंय."

मैथिली उभी राहिली. तिची सावली बाहेरच पडली, पायरीवर, आखूड केसांची. तिचे पप्पा खाली बसून चपलेत खडा गेलाय का ते बघायला लागले. खडा नव्हता.

काकीने पर्समधून पेढा काढून तिच्या हातावर ठेवला. "तुझंही होईल गं. दुसऱ्या फेरीत हलतं काहीबाही."

"काहीबाही म्हणजे काय, काकी?"

"म्हणजे नदीकाठचं आहेच की. आणि तुम्हा दोघींत काय फरक आहे? एका नंबराचा तर आहे."

निहारिकाने ऋजुताला हळूच विचारलं, "पाय दुखतात का हो?"

"आतला नाही दुखत," ऋजुता म्हणाली.

निघताना निहारिकाची सावली निघेना. ती दारातच राहिली, उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून. निहारिका घाबरली, पण सरांनी तिला समजावलं.

"राहू दे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो ना आपण सीटवर? तसंच हे. जागा धरून राहते ती."

परतीच्या वाटेवर जीपमध्ये सगळ्यांच्या मांडीवर आपापल्या सावल्या होत्या. निहारिकाच्या मांडीवर ऊन होतं. मैथिली सगळा रस्ताभर त्या उन्हाकडे बघत होती.

पसंती लावायची ती सुपाऱ्यांनी. पाटावर तांदूळ पसरायचे आणि हव्या त्या दारांच्या सुपाऱ्या उजवीकडून डावीकडे मांडायच्या. फेरी आली की उजवीकडून बघत जायचं, ज्या दाराला आपला नंबर पोचतो त्याची सुपारी आपोआप फुटते. एकदा फुटली की तेच दार, पुढच्या सुपाऱ्यांना कोणी विचारत नाही. मोहोळकर सर वर्गात घसा बसेपर्यंत सांगायचे: "गेल्या वर्षीचा कटऑफ बघून दारं निवडा, पण क्रम मनाने लावा. मनातलं पहिलं ते उजवीकडचं पहिलं. सोपं दार आधी मांडाल तर तेच फुटेल. दरवर्षी अर्धं गाव इथंच चुकतं."

अर्धं गाव चुकायचं, कारण अर्ध्या गावाला वाटायचं की पहिली सुपारी फुटली नाही तर बाकीच्या रुसतात. काकांनाही तसंच वाटत होतं. "हमखास आहे ते आधी," ते जेवताना दोनदा म्हणाले.

निहारिकाने पाट समोर घेतला. मैथिलीने तिच्या मागे बसून आपला पाट घेतला. नदीकाठची सुपारी हाताला दमट लागायची, टेकडीवरची कोमट.

"मैथू," निहारिका पुढे बघतच म्हणाली, "उजवीकडे कुठली ठेवू गं?"

मैथिली बोटांनी तांदूळ सारखे करत राहिली.

"तंतोतंत आहे म्हणून भीती वाटते. यंदा एका नंबराने जरी मागं-पुढं झालं तर? बाबा म्हणतात मग बाकीच्या सुपाऱ्याही जातात."

"जातात म्हणे," मैथिली म्हणाली.

"पण सर तर म्हणाले..."

"सरांची मुलगी आहे का रांगेत उभी? त्यांचं काय जातंय बोलायला."

निहारिका हसली. मग तिचा खांदा हलला, उजवीकडे वाकला. तांदळावर सुपारी टेकल्याचा आवाज झाला.

"कुठली ठेवलीस?"

"दमट. आणि तू?"

"मीपण तीच," मैथिली म्हणाली आणि कोमट सुपारी उजवीकडे पहिली ठेवली. निहारिका वळून बघणार नव्हती. रांगेत मागे वळून बघायचं नसतं.

फेरी दुपारी आली. आधी लांब गल्लीच्या टोकाला अडकित्त्यासारखा आवाज झाला, मग जवळ, मग जिन्यात. प्रत्येक आवाजाला रांगेतलं एक माणूस कमी होत होतं. उदगीरची मुलगी गेली. रोह्याच्या मुलाची सुपारी फुटली तेव्हा त्याने कप विसळून ठेवला. "काकू, चहा छान असायचा," असं म्हणून तोही गेला.

मग निहारिकाची पहिली सुपारी फुटली. ओला आवाज झाला आणि थोडं पाणी तांदळात उतरलं.

"नदीकाठचं," काका म्हणाले. "बघा, मी सांगितलं होतं की नाही?"

निहारिका उठली आणि मैथिलीच्या पुढून बाजूला झाली. मैथिलीला समोर भिंत दिसली. भिंतीला फिकट पोपटी रंग होता आणि कॅलेंडर टांगलेलं होतं. ती एवढी मोकळी जागा बघत राहिली. तेवढ्यात तिच्या पाटावर उजवीकडची पहिली सुपारी कोरडी तडकली.

"टेकडीवरचं!" पप्पा ओरडले आणि तोंडावर हात ठेवला.

काकी दोन्ही पाटांवर वाकली. बराच वेळ तिने तांदूळ निरखले.

"ही तुझी पहिली होती?" तिने विचारलं.

"हो."

"आणि हिला काय सांगितलंस?"

"असू दे गं आई," निहारिका म्हणाली. ती दाराकडे निघाली होती. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता. "सोपं दार मिळालं, तेवढंच." ती जिना उतरली. तिने मागे वळून बघितलं नाही. उन्हात गल्ली ओलांडताना तिच्या पायाशी काही नव्हतं.

मैथिली टेकडीवर पोचली तेव्हा ऋजुताने तिला लांबूनच ओळखलं.

"तू शेवटची ना? ये ये. चप्पल बाहेरच्या पायातली ठेव, आतली काढ. पाणी मागितलं की देतात. दार पूर्ण लागत नाही, आपण मध्ये असतो ना." एवढं एका दमात सांगून ती आत पळाली. बोळात तिच्या अर्ध्या रापलेल्या अंगाकडे पाहून कोणीतरी मोठ्याने हसलं, आणि ती स्वतःही हसली.

मैथिलीने डावा पाय उंबऱ्याच्या आत ठेवला. फरशी गार होती. दुसरा पाय उचलायला गेली तर तो पायरीवर घट्ट होता. मानेवरचा लवंगेचा श्वास पायरीच्या खाली थांबला. कोणीतरी तिथे नुसतं उभं राहिलं होतं आणि नाक ओढत होतं. आता बघायला हरकत नव्हती. पण आता तिला पुढेच बघायचं होतं.

पुढे सावली होती.

ती उंबऱ्याच्या आत, एक पाऊल पुढे, पाठमोरी होती. लांब वेणी, टोकाला रबराची गाठ. मैथिलीने डोकं हलवलं. वेणी हलली नाही. तिने स्वतःची आखूड केसांची सावली पायरीवर शोधली. तिथे सगळं ऊन होतं.

"हो बाजूला," ती म्हणाली. "तुला दुसरं दार लागलंय. सुपारी फुटली तुझी. सगळ्यांनी बघितलंय."

सावली बाजूला झाली नाही. तिने जागा धरली होती.

दुपार कलली. सूर्य मैथिलीच्या पाठीमागे उतरत गेला, तशी सावली बोळातून पुढे लांबत चालली. पाण्याच्या टाकीपर्यंत गेली, नोटीस बोर्डापर्यंत गेली, आणि उजवीकडच्या पहिल्या वर्गात वळली. तिथे पुढच्या बाकावर रिकाम्या जागी ती बसली. मैथिलीचा बाहेरचा गाल भाजायला लागला होता.

वर्गात खडूचा आवाज थांबला. शिक्षकांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. नावं एकामागे एक येत होती, रांगेत यायची तशीच. रोह्याच्या मुलाचं आलं. "हजर," तो म्हणाला.

"बारबोले."

मैथिलीने तोंड उघडलं.

"निहारिका बारबोले."

पहिल्या बाकावरच्या सावलीने हात वर केला. दारात मैथिलीचा हात आपोआप वर गेला. शिक्षक पुढच्या नावाकडे वळले. सावलीने हात खाली घेतला नाही.